जिनामागची लोणारवाली

लोणारवाली कुणाला नाव विचारत नसे. वस्तीच्या तोंडाशी डोक्यावर बोचकं घेतलेलं कुणी दिसलं, की ती हातातलं काम टाकून उठायची, कंबरेवर हात ठेवून त्या माणसाला नीट न्याहाळायची आणि विचारायची, “कोन्या गावचं पानी?” माणूस गाव सांगायचा आणि तेच त्याचं नाव होऊन बसायचं. जानेफळवाले रामभाऊ, डोणगाववाली, देऊळगाववाले बुढे. आईबापांनी ठेवलेली नावं मतदारयादीपुरती उरली. मी साखरखेर्ड्याची. माझं माहेरचं नाव आणि लग्नात तांदळावर लिहिलेलं सासरचं नाव, दोन्ही तिच्यापुढे टिकली नाहीत. मी साखरखेर्डावाली झाले ती आजतागायत. तिला स्वतःलाही तोच न्याय होता. तिचं माहेर-सासर दोन्ही लोणारचं, म्हणून ती लोणारवाली. आम्ही सुना तिला मावशी म्हणत असू.

खामगावात तेव्हा कापसातली सरकी काढणारे जिन जोरात चालत. हंगामात सरकीच्या वासाने सगळी हवा भरून जायची आणि गाड्यांच्या रांगा पार नाक्यापर्यंत लागायच्या. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, मेहकर-लोणारच्या अंगाने, माणसं कामाला यायची आणि होळी झाली की परतायची. मग कुणाची बाई बाळंत झाली म्हणून राहिली, कुणाचं गावाकडचं छप्पर पडलं म्हणून राहिलं, कुणी भावकीच्या भांडणाला कंटाळून राहिलं. एका जिनाची मागची भिंत आणि नाला यांच्यामध्ये बाभळीचं एक रान होतं. तिथं एकाशेजारी एक खोपट उभं राहिलं. ही वस्ती कुणी वसवली नाही, नाल्याच्या वळणावर गाळ साचावा तशी ती साचत गेली. शहरातले लोक तिला ‘जिनामागे’ म्हणायचे. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागायचं.

लोणारवाली आली तेव्हा तिथं पाच-सहा खोपटं होती. पाणी जिनाच्या हौदावरून आणावं लागे, तेही चौकीदाराची मर्जी असली तर. तिचा नवरा लोणारकडे विहिरी खोदायचा. त्याने नाल्याजवळची जमीन पायाने दाबून पाहिली, एक जागा ठरवली आणि कामाला हात घातला. वस्तीतल्या सगळ्या पुरुषांनी जिनातलं काम सुटल्यावर पाट्या ओढायच्या, असं ठरलं. विहीर अर्ध्यावर आली आणि एका दुपारी मुरमाची दरड कोसळली. तो वर आला नाही.

काम थांबलं. विहिरीत उतरायला कुणी तयार होईना. विहीर बुजवून टाकावी, जागा वाईट आहे, असं म्हातारी माणसं बोलू लागली. हे सगळं मी पुढे सासऱ्यांकडून ऐकलं. ते सांगत, की कडेवर पोरगा घेऊन लोणारवाली विहिरीपाशी आली आणि पुरुषांना म्हणाली, “अर्धी विहीर सोडता? मंग तो मेला काऊन?” एवढं बोलून ती मुरमाच्या ढिगावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा विहिरीत उतरली. पाणी लागलं. त्या विहिरीवर पहिल्या दिवसापासून दोर एकच होता आणि तो सगळ्या जातींच्या हातातून फिरत होता. त्या काळी आमच्या गावांत हे सहज घडत नव्हतं. पण ज्या पाण्यासाठी एका बाईचं कुंकू गेलं होतं, तिथं उभं राहून शिवाशीव काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मात्र ती स्वतः त्या विहिरीला कधी ‘आमची’ म्हणाली नाही. रांगेत इतरांसारखीच उभी राहायची आणि कुणी “मावशी, आधी तुमी भरा” म्हटलं की वसकन अंगावर यायची.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास माझं लग्न झालं. माझे पती जिनात हमाली करायचे. साखरखेर्ड्याला आमचं घर लहानसं, पण पुढे अंगण होतं, मागे गोठा होता. इथं पाय पसरले तर पलीकडच्या कुडाला लागत. त्यात माझी बोली जालन्याच्या अंगाची. मी ‘मला’ म्हणायची आणि आजूबाजूच्या बाया ‘मले’. मी तोंड उघडलं की त्या एकमेकींना ढोसत, “पाय वो, पुन्याची बाई बोलून राह्यली!” मी बोलणंच सोडलं. नाल्याकाठी भांडी घासायला जायची आणि तिथं रडून घ्यायची.

लोणारवालीने एकदा मला पकडलं. माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि माझ्याच राखेने माझं पातेलं घासू लागली. “घरची याद येऊन राह्यली?” मी मान हलवली. “रड. पन पातेलं घासता घासता रड. नाईतं सासू म्हनंन, येवढा येळ काय करत व्हती.” मला हसू आलं. मग ती म्हणाली, “मीबी असाच रडलो व्हतो. मले वाटे, आपलं गाव सुटलं, आता आपन कोनाचेच नाई. इथं सारेच तसे हायेत, बाई. हे हासतात ना तुले? याहिलेबी कोनीतरी हासलं व्हतं.” इकडच्या वऱ्हाडी बाया स्वतःबद्दल बोलताना ‘मी रडलो, मी जातो’ असंच बोलतात. त्या दिवशी ते ऐकताना मला पहिल्यांदा परकं वाटलं नाही.

तिची एक रीत होती. नवं कुटुंब आलं आणि त्याने काट्याकुट्यांचा आडोसा केला, की पहिला विस्तव तिच्या चुलीतून जायचा. फुटक्या मडक्याच्या खापरावर निखारे घेऊन ती स्वतः जायची, तीन दगड नीट बसलेत का ते हलवून पाहायची आणि फुंकर घालून जाळ पेटवून द्यायची. तोपर्यंत त्या घरातले नवरा-बायको थकव्याने एकमेकांवर खेकसत असायचे. तिचं ठरलेलं बोलणं होतं: “आदी चूल मांड, मंग भांड.” हे वाक्य वस्तीत इतकं रुळलं, की पुढे लग्नाच्या वाटाघाटीत आणि नळावरच्या मारामारीतही लोक ते वापरू लागले.

मी सातवी झालेली आहे हे तिला कुणाकडून तरी कळलं. मग तिला दुसरं काही सुचेना. वस्तीतल्या बाया जिनात कापूस निवडायला जात. लहान पोरं मोठ्या बहिणींच्या गळ्यात, आणि त्या बहिणींना शाळा नाही. एक दिवस ती आमच्या दारात आली आणि सासूबाईंना म्हणाली, “तुही सून मले दे. दुपारपर्यंत.”

“कायले?”

“लिंबाखाली पोरं घेऊन बसवतो. शिकवंन त्याहिले.”

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अन् इथं भाकरी कोन थापंन? तू?”

“हाव. मी थापून देतो.”

सासूबाईंना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे लोणारवाली पदर खोचून आमच्या चुलीपुढे येऊन बसली. आमच्या घरच्या भाकरी करायची, मग स्वतःच्या करायची आणि मग जिनात कामाला जायची. असं तिने कितीतरी दिवस चालवलं. शेवटी सासूबाईंनाच लाज वाटली. “जाय आता तुह्या घरी,” त्या म्हणाल्या, “तुह्या भाकरीले पापुद्रा नाई येत.” पण त्या दिवसापासून सकाळची चूल त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला कधी अडवलं नाही. लिंबाखालची ती पोरं पुढे बालवाडी झाली, बालवाडीने मला पगार दिला, आणि मास्तरीण म्हणून मी शहरात ओळखली जाऊ लागले. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत. ती भेटायला आली, पाया पडली, की मला आमच्या चुलीपुढे पदर खोचून बसलेली ती बाई दिसते.

म्हणून ती फार गोड होती असं कुणी समजू नये. तिची जीभ तिखट होती आणि कानांवर तिचा फार विश्वास होता, ऐकलेलं सगळं तिला खरं वाटायचं. आपल्या गावाचा अभिमान तर विचारू नये. “आमच्या गावी आभायातून तारा पडला,” ती सांगायची, “तुमच्या गावी काय पडलं? दुष्काय!” लोणारच्या तळ्याचं पाणी खारं आहे, ते तोंडात घेववत नाही, हे कुणी काढलं की ती लगेच म्हणायची, “म्हून तं गोड पान्याची किंमत आमाले समजते.”

आणि आमच्या सासूबाईंशी तिचं रोजचं भांडण होतं. आमच्या मोरीचं पाणी उताराने तिच्या दारापुढून जायचं. सकाळ झाली की ती दारात उभी राहून मोरीपासून सुरुवात करायची आणि सासूबाईंच्या माहेरापर्यंत जायची. सासूबाईही काही मागे राहत नसत. मध्येच कुणाच्या तरी घरचं मीठ संपलेलं असायचं. तेवढ्यापुरतं भांडण थांबायचं, वाटी इकडून तिकडे जायची आणि पुन्हा जिथं सोडलं होतं तिथून सुरू व्हायचं. मला सुरुवातीला फार भीती वाटे. पुढे एखाद्या सकाळी आवाज आला नाही, तर मीच उठून बघायची, की दोघींपैकी कुणाला बरं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याआधीचं सालही कोरडंच गेलं होतं. शेतात कापूस नाही म्हणून जिनात काम नाही, आणि विहिरीचं पाणी तळाशी गेलेलं. पाळ्या लागल्या. प्रत्येक घराला ठरलेल्या बादल्या, त्याही अर्ध्या गढूळ. पाळीवर देखरेख जानेफळवाल्या रामभाऊंकडे होती. माणूस सरळ, कुणाला ठरल्यापेक्षा जास्त भरू देणार नाही आणि कुणाची कमी होऊ देणार नाही. अशातच नाल्यापलीकडे नवी माणसं येऊन उतरली. जनावरं विकून टाकलेली, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली पाच-सात घरं. त्यांच्यातली एक पोर, दिवस भरत आलेले, सकाळी घागर घेऊन आमच्या विहिरीवर आली. तिने दोराला हात घातला, तसा रामभाऊंनी तो तिच्या हातून काढून घेतला.

“इथं पानी नाई, बाई. म्होरं जा.”

ती पोर घागर काखेत धरून तिथंच उभी राहिली. रांगेतल्या बाया खाली बघू लागल्या. मीही बघत होते. खरं सांगायचं तर रामभाऊंनी आमच्या सगळ्यांच्या मनातलं केलं होतं.

लोणारवाली आपली बादली भरून कडेला उभी होती. ती पुढे आली. “दोर सोड, रामभाऊ.”

“हे पाय बाई, आपल्याच लेकराइले पुरून नाई राह्यलं. माह्या नातवाले ताप हाये, त्याच्या कपायावर ठेवाले ओली पट्टी नाई. याहिले देलं तं उद्या आनखी येतीन.”

“येतीन. आपनबी असेच आलो व्हतो.”

“तवा गोष्ट अलग व्हती. तवा पानी व्हतं.”

“तवा विहीरच नव्हती,” लोणारवाली म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, तरी रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेला. “इतक्या वर्सात म्या कधी म्हनलं नाई. आज म्हनतो. या विहिरीत माह्या घरचं मानूस गेलं. त्याचा कोनता हक्क असंन, तं तो येवढाच मांगतो. आजपासून माही पाळी या पोरीची.” तिने आपली भरलेली बादली उचलली आणि त्या पोरीच्या घागरीत ओतली.

“मंग तू काय पिशीन?” रामभाऊंनी विचारलं.

“पाहू,” ती म्हणाली.

तेवढ्यात आमच्या सासूबाई आपली भरलेली बादली घेऊन पुढे आल्या, तोंडाने पुटपुटतच. “हिले तहान लागली का माह्याच दारात येऊन बोंबलंन. त्यापक्षा आत्ताच देलेलं बरं.” आणि त्यांनी त्यातली अर्धी बादली लोणारवालीच्या रिकाम्या बादलीत ओतली. मग डोणगाववालीने तांब्याभर घातलं. मग आणखी कुणी. रामभाऊंनी दोर दगडी खांबाला गुंडाळला आणि कुणाशी न बोलता ते घरी गेले.

आम्हाला वाटलं, आता त्यांनी वस्तीशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ आणि टोपलं घेऊन विहिरीवर हजर. “पानी कमी हाये म्हून भांडन हाये,” ते म्हणाले. “खाली जाऊन उकरतो. झिरा लागंन.”

लोणारवालीच्या नवऱ्यामागे त्या विहिरीच्या तळाशी एकदाच माणसं उतरली होती, पाणी लागेपर्यंत. त्यानंतर कुणी नाही. लोणारवाली धावत आली. “नोको, रामभाऊ.” तिच्या तोंडून ‘नको’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रामभाऊ ऐकेनात. मग तिने दोर घेतला, आपल्या हाताने त्यांच्या कमरेला बांधला, दोनदा ओढून पाहिला आणि दुसरं टोक खांबाला एक वेढा देऊन स्वतःच्या हातात धरून बसली. माझे पती म्हणाले, “मावशी, मी धरतो.” तिने नुसतं पाहिलं. ते मागे सरले.

दिवसभर ती तिथून हलली नाही. नाल्यापलीकडची माणसं न बोलावता आली आणि आमच्या माणसांबरोबर गाळाच्या पाट्या ओढू लागली. त्यांच्यातल्या दोघांना खोदकामाची सवय होती, ते आळीपाळीने रामभाऊंच्या मदतीला उतरले. खालून अधूनमधून हाक यायची, “बाई, हायेस ना?” आणि ती ओणवी होऊन उत्तर द्यायची, “हाये मी! तू काम कर!” ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी तिच्या डोक्यावर ओला पदर धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि दोराने तळहात सोलले होते. उतरत्या उन्हात खालून आवाज आला, “लागला!” खडकाच्या एका भेगेतून करंगळीएवढी धार निघाली होती.

रामभाऊ वर आले, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले. लोणारवालीने त्यांच्या कमरेचा दोर सोडला, आणि मग इतक्या वर्षांचं सगळं तिच्या डोळ्यांतून एकदम बाहेर पडलं. विहिरीच्या कठड्याला कपाळ टेकून ती रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. शेवटी तीच नाक पुसत उठली आणि रामभाऊंना म्हणाली, “जाय घरी. अन् आंघोयीले पानी मांगू नोको.”

झिरा लहान होता, तरी त्याने आम्हाला पुढच्या पावसापर्यंत नेलं. नाल्यापलीकडची ती पोर आमच्याकडेच बाळंत झाली. रामभाऊंच्या नातवाचा तापही उतरला. आलेली घरं परत गेली नाहीत. त्यांच्यामागून आणखी आली, आणि नाल्याचे दोन्ही काठ एक होऊन गेले. कुडाच्या जागी विटा आल्या, पत्रे आले, विजेचे खांब आले, नळ आले. शहराच्या नकाशात जागा मिळाली आणि वस्तीला भारदस्त नावही मिळालं.

त्याच सुमारास लोणारवालीचे डोळे अधू झाले. मुलगा भुसावळला रेल्वेत लागला होता, तो न्यायला आला. ती नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण ती मुकाट्याने तयार झाली. “पोराचं घर हाये,” ती मला म्हणाली. “त्याच्या बायकोलेबी चुलीपाशी कोनीतरी पायजे.” मोठ्या लाईनवरच्या जलंबला जाणारी छोटी गाडी उभी होती. अर्धी वस्ती फलाटावर. गाडी हलताना तिने खिडकीतून हात काढून सासूबाईंचा हात चाचपला आणि म्हणाली, “आता मोरी कुठंबी काढ.” सासूबाईंनी “जाय, जाय” म्हणून हात सोडवून घेतला.

पुढच्या हिवाळ्यात निरोप आला. स्टेशनावरच्या हमालाने आणला. ती गेली होती, आणि निरोप आला तोवर सगळं आटोपलंही होतं. मी शाळेत पोरांपुढे उभी होते. पोरांना सुट्टी दिली आणि लिंबाखालीच बसून राहिले. मला तिचे आभार मानायचे राहून गेले होते. ती समोर होती तेव्हा ते कधी सुचलं नाही. आणि मानले असते तर तिने शिव्याच दिल्या असत्या, हेही मला माहीत आहे.

रामभाऊंच्या धाकट्या मुलीला दुसऱ्या दिवशी हळद लागायची होती. मांडव पडला होता, जानेफळचे पाहुणे येऊन उतरले होते. रामभाऊंनी हळद पुढे ढकलली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी वस्तीत एकाही घरी चूल पेटली नाही. सासूबाईंनी तर चक्क सुतक धरलं. देवाला हात लावीनात, डोक्याला तेल लावीनात.

पाहुण्यांतले एक वयस्क गृहस्थ हे सगळं बघत होते. आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि सासूबाईंना विचारू लागले, “कोन वारलं म्हनता? तुमच्या नात्यातली व्हती काय?”

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

“मंग जातीतली असंन?”

“जातीची नव्हती हो,” सासूबाई म्हणाल्या. “वस्तीची व्हती.”